आईंचा पीबीसी आणि घराशेजारची रसायनं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय 54. वर्षभर अंगाला खाज सुटत होती, मलमं लावून झाली, गोळ्या झाल्या. शेवटी कुणीतरी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायला सांगितली आणि त्यात अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की वाढणारं एन्झाइम) बरंच वाढलेलं निघालं. मग एएमए (अँटीमायटोकाँड्रियल अँटीबॉडी) ही तपासणी पॉझिटिव्ह आली आणि ‘पीबीसी आहे, ऑटोइम्यून आजार आहे’ असं सांगण्यात आलं. लग्न होऊन सांगली जिल्ह्यातून आल्यापासून आई 30 वर्षं डोंबिवलीत एमआयडीसीला लागून राहतात. रात्री येणारा उग्र वास, 2014 चा हिरवा पाऊस, 2020 मध्ये गुलाबी झालेला रस्ता, हे सगळं तुम्ही पाहिलंय. म्हणून तुम्ही विचारता: ह्या रसायनांनीच आईचं लिव्हर बिघडवलं का? घर विकून दुसरीकडे जायचं का? आणि मी तिची मुलगी, मलाही हे होणार का?

25 वर्षांहून जास्त काळ मी लिव्हरचेच रुग्ण पाहतो आहे, आणि ऑटोइम्यून हा शब्द ऐकला की जवळपास प्रत्येक घरातून हाच प्रश्न येतो: ‘पण कशामुळे?’ आधी उत्तर देतो, कारणं नंतर. बाहेरची रसायनं हा आजार सुरू करून देऊ शकतात, असं मानायला भक्कम आधार आहे. आईंच्या बाबतीत तसंच घडलं का, हे मात्र कुठल्याही रक्ततपासणीतून ठरवता येत नाही. आणि आज घर सोडल्याने त्यांचा आजार मागे फिरणार नाही.

पीबीसी म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. 2015 पर्यंत शेवटच्या शब्दाच्या जागी ‘सिऱ्होसिस’ (लिव्हर व्रणांनी घट्ट होणं) होता. तो बदलला ते बरंच झालं, कारण बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी सिऱ्होसिस झालेलाच नसतो आणि नुसतं नाव वाचून माणसं हाय खात असत. ह्या आजारात लिव्हरच्या आतल्या अगदी बारीक पित्तनलिकांवर शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी हल्ला करतात. नलिका हळूहळू नष्ट होतात, पित्त तुंबतं, खाज सुटते, थकवा येतो, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर बऱ्याच वर्षांनी लिव्हर घट्ट होत जातं. रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण फार मोठं असतं आणि वय साधारण चाळिशी-पन्नाशीच्या पुढचं. तुमच्या आई ह्या चित्रात नेमक्या बसतात.

आता एएमए. ही अँटीबॉडी ह्या आजारात असते हे 1965 साली लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांत ती सापडते. ती नेमकी कशावर जाऊन बसते, ह्याच्यातच रसायनांची सगळी कथा आहे. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया असतात. त्यांत पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाचं एक मोठं एन्झाइम आहे आणि त्याच्या ई-2 ह्या भागाला लिपोइक ॲसिडची एक छोटी शेपटी जोडलेली असते. एएमए ही अँटीबॉडी बरोबर त्या शेपटीच्या जागेवर पकड घेते. लिपोइक ॲसिड हा साधासा, लहान रेणू आहे. बाहेरच्या एखाद्या रसायनाचा आकार त्याच्यासारखा असला आणि ते त्या जागी चिकटलं, तर रोगप्रतिकारक यंत्रणेला ते प्रथिन परकं वाटू शकतं. एकदा तिने त्याच्यावर शस्त्र उपसलं की मग ते मूळच्या, निर्दोष प्रथिनावरही चालतं.

ही निव्वळ कल्पना नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या एरिक गर्शविन ह्यांच्या प्रयोगशाळेने लिपोइक ॲसिडच्या जागी वेगवेगळी कृत्रिम रसायनं बसवून पाहिली आणि रुग्णांच्या रक्तातल्या अँटीबॉडी त्यांना पकडतात का ते तपासलं. काही रसायनांना त्या मूळ रेणूइतक्याच, किंबहुना जास्त जोराने चिकटल्या. त्यांतलं ठळक नाव म्हणजे 2-ऑक्टिनॉइक ॲसिड. ह्याच्या कुळातली संयुगं अत्तरांत, लिपस्टिकसारख्या प्रसाधनांत आणि काही खाद्यपदार्थांच्या स्वादात वापरली गेली आहेत. हे रसायन प्रथिनाला जोडून उंदरांना टोचलं, तेव्हा त्यांच्यात एएमए तयार झाली आणि पित्तनलिकांभोवती सूजही आली. मात्र उंदराला टोचणं आणि माणसाने ओठाला लावणं ह्यांत फार अंतर आहे. ह्या प्रयोगाने ‘असं घडू शकतं’ हे दाखवलं. ‘लिपस्टिकने पीबीसी होतो’ हे दाखवलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं काम इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचं आहे. तो कोळशाच्या खाणींचा आणि जुन्या अवजड उद्योगांचा पट्टा, आणि तिथे पीबीसीचे रुग्ण काही ठिकाणी दाटीने आढळतात हे तिथल्या डॉक्टरांनी पूर्वीच नोंदवलं होतं. 2018 साली तिथल्या संशोधकांनी कचराभूमीच्या आसपासच्या मातीचे नमुने घेऊन त्यांतून लिव्हरच्या पेशींना मारक ठरणारं एक रसायन वेगळं काढलं. त्याचं संक्षिप्त नाव एम8ओआय. उद्योगात विद्रावक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘आयॉनिक लिक्विड’ गटातलं हे संयुग. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तो लिपोइक ॲसिडसारखा दिसतो आणि त्याची जागा घेऊ शकतो. मला स्वतःला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे पहिल्यांदा नकाशावरचा ठिपका आणि प्रयोगशाळेतला रेणू एकमेकांना भेटले.

नकाशावरचे ठिपके ह्याच्याही आधीपासूनचे आहेत. 1980 साली इंग्लंडमधल्याच शेफील्ड शहरात असं दिसलं की बहुतेक रुग्णांच्या घरी पाणी एकाच जलाशयातून येत होतं. पाणी तपासलं, त्यात दोषी ठरवावं असं काही मिळालं नाही. 2006 मध्ये न्यूयॉर्क शहरात विषारी कचऱ्याच्या घोषित जागांजवळच्या वस्त्यांमध्ये लिव्हर प्रत्यारोपणाच्या यादीतले पीबीसीचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले.

मग प्रश्न सुटला असं का म्हणत नाही? कारण अशा नकाशांत दोन खड्डे असतात. एक, जिथे ह्या आजाराची जाण असलेला डॉक्टर असतो तिथे रुग्ण जास्त ‘सापडतात’. जिथे खाजेला वर्षभर मलमच मिळत राहतं, तो भाग नकाशावर कोरा राहतो. दुसरा खड्डा तुमच्या आईंच्या बाबतीतही लागू आहे. एएमए ही अँटीबॉडी लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी रक्तात आलेली असते. निदान 54 व्या वर्षी झालं, पण आतली गडबड चाळिशीत सुरू झाली असेल, कदाचित त्याच्याही आधी. ती सुरू झाली तेव्हा आई डोंबिवलीच्या हवेत होत्या, की माहेरी द्राक्षाच्या बागेतल्या फवारणीत, की एखादं औषध महिनोनमहिने घेत होत्या? निदानाच्या दिवशी रुग्ण राहतो ते ठिकाण गुन्ह्याचं ठिकाण असेलच असं नाही.

वारशाचाही वाटा मोठा आहे. एकसारख्या जुळ्यांच्या 8 जोड्यांचा अभ्यास झाला, त्यांत 5 जोड्यांमध्ये दोघांनाही पीबीसी होता. वेगळ्या जुळ्यांच्या जोड्यांमध्ये असं एकदाही दिसलं नाही. म्हणजे जनुकं जबरदस्त महत्त्वाची. पण उरलेल्या 3 जोड्या पाहा: जनुकं तीच, तरी एक आजारी आणि एक निरोगी. त्या फरकाची जागा बाहेरच्या जगाने भरली. जंतू, धूर, औषध, रसायन, ह्यांपैकी काहीही.

तुम्हाला कदाचित वाटेल की मायटोकाँड्रिया तर सगळ्या पेशींत असतात, मग घाव पित्तनलिकांवरच का? मलाही विद्यार्थीदशेत हे कोडं वाटायचं. शरीरात आलेलं बहुतेक परकं रसायन लिव्हर मोडतं आणि त्यातलं बरंच पित्तातून बाहेर टाकतं. म्हणजे त्या बारीक नलिकांच्या अस्तराला जे भोगावं लागतं, ते इतर पेशींच्या वाट्याला येत नाही. शिवाय ह्या अस्तराच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातलं ते ई-2 प्रथिन मोडून निरुपद्रवी होण्याऐवजी शाबूत बाहेर पडतं आणि अँटीबॉडीच्या समोर येतं.

आता एक गोष्ट, जी मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. हॅलोथेन हे भूल देण्याचं औषध एकेकाळी आपल्याकडे जवळपास प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये होतं. फार थोड्या रुग्णांत, विशेषतः दुसऱ्यांदा ते दिल्यावर, लिव्हरला भयंकर इजा व्हायची. लिव्हर हॅलोथेन मोडतं तेव्हा एक तिखट रेणू तयार होतो, तो लिव्हरच्या प्रथिनांना चिकटतो, आणि पहिल्या वेळी सावध झालेली रोगप्रतिकारक यंत्रणा दुसऱ्या वेळी तुटून पडते. त्या बदललेल्या प्रथिनांवरच्या अँटीबॉडी काही अंशी लिपोइक ॲसिड जोडलेल्या त्याच ई-2 प्रथिनालाही ओळखतात. म्हणजे दोन वेगळ्या वाटा एकाच दाराशी येतात. आणि 1997 साली बेल्जियममधून नऊ कामगारांची हकीकत प्रसिद्ध झाली. क्रेनच्या केबिनमधल्या वातानुकूलन यंत्राच्या गळक्या नळीतून एचसीएफसी-123 आणि 124 हे वायू त्यांच्या श्वासात जात होते. हे वायू शरीरात हॅलोथेनसारखेच मोडतात. कामगारांची लिव्हर सुजली, आणि त्यांच्या रक्तात लिव्हरच्याच प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. कारखान्यातलं रसायन माणसाच्या लिव्हरविरुद्ध त्याचीच यंत्रणा उभी करू शकतं, ह्याचा इतका थेट पुरावा विरळा. पण तिथे बंद केबिन होती, वायू माहीत होता, आणि श्वास घेणारे तेच ते नऊ जण होते. उघड्या वस्तीत शंभर कारखान्यांच्या हवेतून एक रेणू शोधून त्याच्यावर बोट ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून घराच्या प्रश्नावर माझं मत सांगतो. पीबीसीसाठी घर विकू नका. धनुर्वाताची लस टोचली की ती लस शरीरात उरत नाही, तिची आठवण मात्र उरते. इथेही तसंच. ज्या रसायनाने सुरुवात केली असेल ते केव्हाच निघून गेलेलं असू शकतं. आता आजार त्या आठवणीवर चालतो. दमा असेल, घरात लहान मूल खोकत असेल, वासाने रात्री झोप लागत नसेल, तर घर बदलण्याला ती कारणं पुरेशी आहेत. आणि प्रदूषणाविरुद्ध तक्रार जरूर करा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख-वेळेसह नोंदवा. स्वच्छ हवा मागायला कुणाच्या आजाराचा दाखला जोडावा लागत नाही. आईंचा एएमए रिपोर्ट पुरावा म्हणून पुढे केलात तर तो पहिल्याच प्रश्नाला टिकणार नाही, आणि रास्त तक्रार विनाकारण कमकुवत होईल.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या रसायनांची. रुग्णाशी बोलताना मी कारखान्याबद्दल दोन मिनिटं विचारतो आणि औषधांच्या पिशवीबद्दल वीस मिनिटं.

पीबीसीचा एक जवळचा नातेवाईक आहे, ऑटोइम्यून हिपॅटायटिस. त्यात पित्तनलिकांऐवजी लिव्हरच्या मुख्य पेशींवर हल्ला होतो, आणि काही रुग्णांत दोन्ही आजार एकत्र असतात. ह्या आजारासारखंच हुबेहूब चित्र काही औषधं उभं करतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2010 साली 261 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या 24 जणांत आजार औषधाने सुरू झाला होता. 11 जणांत नायट्रोफ्युरँटॉइन, 11 जणांत मिनोसायक्लिन. पहिलं लघवीच्या जंतुसंसर्गासाठी, दुसरं मुरमांसाठी. ह्या आजारावर स्टेरॉइड देतात. औषधाने आजार झालेल्या ह्या रुग्णांपैकी ज्यांचं स्टेरॉइड पुढे थांबवून पाहिलं, त्यांच्यात आजार परत आला नाही. औषधाशी संबंध नसलेल्या रुग्णांत स्टेरॉइड थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणांत तो परतला. म्हणजे कारण सापडलं तर आयुष्यभराच्या गोळ्या वाचू शकतात. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना ‘पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून’ रोज रात्री एक नायट्रोफ्युरँटॉइन सांगितलेली, आणि ती थांबवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी ते औषध मला सांगितलंच नाही, कारण त्यांच्या मते ते ‘लघवीचं’ होतं, लिव्हरचं नव्हतं. तिसऱ्या भेटीत मुलाने सगळी पाकिटं आणली तेव्हा कळलं. तुमच्या आईंना लघवीचा त्रास वारंवार झाला असेल तर हे आवर्जून विचारा. पीबीसीच्या रुग्णांत तो जास्त आढळतो.

आणि गुळवेल. हे लिहिताना मला माहीत आहे की काही वाचक दुखावतील, तरी लिहितो. कोविडच्या काळात घराघरांत काढे उकळत होते. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद केली. त्यांचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. पुढे देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देणं दिशाभूल करणारं असल्याचं म्हटलं, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली जाते असाही मुद्दा मांडला. तो वाद चालू राहू दे. पण ज्या वनस्पतीचा लौकिकच ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असा आहे, ती अशा माणसाला कशाला द्यायची, ज्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच लिव्हरवर उलटलेली आहे? रसायनांच्या भीतीने ‘लिव्हर साफ करणारी’ पावडर सुरू करणारे रुग्ण मी दर महिन्याला पाहतो. कारखान्याच्या वासापेक्षा ह्या पुडीची मला जास्त धास्ती वाटते, कारण ती पुडी रोज दोन चमचे, रिकाम्या पोटी, मनापासून घेतली जाते.

तंबाखूबद्दल फार लिहीत नाही. धूम्रपानाचा पीबीसीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि ओढणाऱ्यांत लिव्हर लवकर घट्ट होतं. घरात कुणी ओढत असेल तर ते बाहेर न्यावं, खरं तर बंदच करावं. आई मिश्री लावत असतील तर तीही सोडावी. केसांच्या डायचा आणि नेलपॉलिशचा उल्लेख तुम्ही वाचला असेल. अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांच्या पाहणीत नेलपॉलिश नेहमी लावणाऱ्यांत धोका किंचित जास्त दिसला होता, आणि इंग्लंडमध्ये डायचा संबंध दिसला. पण आजारी पडल्यावर माणूस आपण काय काय वापरलं ते बारकाईने आठवतो, निरोगी माणूस आठवत नाही. आईंना केस रंगवायला आवडत असेल तर माझ्याकडून मनाई नाही.

उपचाराकडे वळतो, कारण कारणाच्या शोधात उपचार मागे पडलेला मी पाहिला आहे. पहिलं औषध अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. मात्रा वजनावर, दर किलोला रोज 13 ते 15 मिलिग्रॅम. आई 60 किलोच्या असतील तर दिवसाला साधारण 800 ते 900 मिलिग्रॅम. आपल्याकडे 300 ची एक गोळी दोनदा देऊन सोडून दिलेले कितीतरी रुग्ण मी पाहिलेत, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरतं. तुम्ही आईंचं वजन करा, गुणाकार करा, आणि मात्रा कमी वाटली तर डॉक्टरांना सरळ विचारा. औषध आयुष्यभराचं आहे. एक वर्षाने अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन पाहून ते पुरेसं काम करतंय का हे ठरतं. कमी पडलं तर जोडीला फायब्रेट गटातलं औषध देण्याचा मार्ग आहे. सोबत थायरॉइड तपासा, हाडांची घनता तपासा, डोळे-तोंड कोरडं पडतं का ते विचारा. लिव्हर किती घट्ट झालंय ते फायब्रोस्कॅनने कळतं. एएमए आणि अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही स्पष्ट असतील तर बायोप्सीची बहुधा गरज पडत नाही.

आता तुमचं. पहिल्या नात्यातल्या माणसांत, म्हणजे आई, बहिणी, मुली ह्यांच्यात धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा जवळच्या नातेवाइकांपैकी साधारण 13 टक्के जणांत एएमए सापडली. आणि ती सापडली म्हणजे आजार झाला असंही नाही. एएमए असूनही एलएफटी नॉर्मल असलेल्या लोकांपैकी सहात एकाला पाच वर्षांत पीबीसी होतो, असं फ्रान्समधल्या पाहणीत दिसलं. तुम्ही तिशीच्या पुढे असाल तर एकदा एलएफटी करून घ्या. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तरच पुढे एएमए.

पुढच्या भेटीला जाण्याआधी एक संध्याकाळ आईंजवळ बसा आणि वहीत लिहून काढा: गेल्या दहा वर्षांतली औषधं, काढे, चूर्णं, वैदूकडच्या पुड्या, किती दिवस घेतलं आणि का थांबवलं. त्यांनी कुठे काम केलं, माहेरी फवारणीच्या दिवसांत त्या शेतात असायच्या का, हेही लिहा. आपल्याकडे बायकांच्या कामाची नोंद ‘गृहिणी’ ह्या एका शब्दात संपते, आणि त्या शब्दामागे बिडीची पानं वळणं, घरी बसून रंगाच्या डब्यांना झाकणं लावणं, गोठा, फवारणी असं कितीतरी दडलेलं असतं. डॉक्टर विचारणार नाहीत, तुम्हीच वही पुढे करा.

आणि खाजेबद्दल. ती रात्री वाढत असेल, तळहात-तळपायांना जास्त असेल, तर सहन करायला सांगू नका. कोलेस्टायरामीनची पावडर मिळते, ती पित्तातली आम्लं आतड्यात बांधून ठेवते. फक्त ती अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडलाही बांधते, म्हणून दोन्हींमध्ये निदान चार तासांचं अंतर हवं. पावडर सकाळच्या नाश्त्याच्या वेळी आणि गोळ्या दुपारी व रात्री, असं वेळापत्रक बहुतेक घरांत जमतं. तिने भागलं नाही तर रिफँपिसिन आहे, पण ते सुरू केल्यावर लिव्हरच्या तपासण्या नियमाने कराव्या लागतात.